लुमुतचं अंथरूण

रेन्तीना माझी नणंद. तिच्याबद्दल खरं बोलले की गाव म्हणतं, भावजयीच्या पोटात दुखतंय. दुखू दे! पण अशी मऊ बाई मी दुसरी पाहिली नाही. माझी लेक घोडीएवढी झाली तरी हीच ताटातल्या माशाचे काटे काढून तिच्यापुढे ठेवणार. मीही म्हणायचे, बरंय, माझे हात मोकळे.

आम्ही दोघी नदीपलीकडच्या केंद्रात ओरांगउटानची पोरकी पिल्लं वाढवतो. दूध पाजायचं, रानात न्यायचं, झाडावर चढायला लावायचं. सगळ्यात अवघड म्हणजे फांद्या मोडून झोपायला घरटं करायला शिकवणं. करून दाखवायचं नि हात मागे घ्यायचे. पिल्लू रडलं तरी बघत बसायचं. ज्याला घरटं जमलं त्यालाच रानात सोडतात. नाही जमलं तर जन्माचा पिंजरा.

लुमुत पामच्या मळ्यात सापडली, मेलेल्या आईला चिकटून. रेन्तीनानं तिला छातीशी धरून वाढवली. रोज संध्याकाळी झाडावर लुमुतचं घरटं तयार. "बघा, सुगरण आहे माझी!" रेन्तीना सांगत सुटायची. लुमुतला वरच्या रानात सोडली तेव्हा आम्ही लेक सासरी पाठवल्यासारखं गोडधोड केलं.

आणि पावसाळा सरता सरता ती परत आली. नदीवरच्या धुण्याच्या तराफ्यावर, कुणाचं तरी ओलं लुगडं अंगाखाली घेऊन पडलेली. बरगड्या वर आलेल्या, अंगभर जळवांच्या जखमा.

"अगं रेन्तीना, लेक नांदेना वाटतं! माहेरी आली बघ!" बायका खिदळल्या. रेन्तीनाही हसली. पण तिचं तोंड पांढरं पडलेलं मी पाहिलं.

केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी जखमा धुतल्या. "ही जमिनीवर झोपत होती. घरटं का नाही केलं हिनं?"

"विसरली असेल हो," रेन्तीना म्हणाली.

अंगात जरा जीव आल्यावर बाईंनी लुमुतला अंगणात आणलं, पुढ्यात हिरव्या फांद्या टाकल्या. आम्ही सगळ्या भोवती बसलेल्या. घरटं केलं तर परत रान, नाहीतर पिंजरा. लुमुतनं फांदी उचलली. देवा, कर गं बाई, मी मनात म्हणाले. तिनं आमच्याकडे एकेक करून पाहिलं, फांदी घेऊन रेन्तीनाकडे आली आणि तिच्या मांडीवर ठेवली. मग दुसरी आणली. मग शेजारी बसून वाट बघत राहिली.

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"रेन्तीना, तिची घरटी कोण करत होतं?" बाईंनी हळूच विचारलं.

"बोटं सोलायची हो तिची... रडायची. म्हटलं, आज मी करते, उद्या ती करेल." तिनं मान वर केली नाही. लुमुत तिसरी फांदी घेऊन आली नि तिच्या हातात कोंबू लागली. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. माझ्याच घरची बाई, नि मिरवलं मीही होतं.

लुमुत पिंजऱ्यात गेली.

त्या दिवशी जेवताना लेकीनं सवयीनं ताट आत्याकडे सरकवलं. रेन्तीनानं हात पुढे केला, मागे घेतला आणि उठून नदीवर निघून गेली. मी ताट ओढून लेकीपुढे आपटलं. "काढ तुझे तू काटे!"

"मला कुठं येतात?" ती म्हणाली.