खुंटीवरचा ढोल

शाळेने पाठवलं म्हणून मी गेले. नाहीतर हक्काचे शनिवार-रविवार कुणाच्या तरी फार्महाऊसवर अनवाणी नाचण्यात घालवणाऱ्यांतली मी नाही. गंगापूर धरणाच्या काठी दोन दिवसांचं शिबिर होतं. पश्चिम आफ्रिकेतले आणि क्युबातले ढोल, आणि त्यांच्यावरचे नाच. शिकवायला गिनी देशाचा एक माणूस आणि क्युबाची एक बाई, शिकायला मुंबई-पुण्याची वीस-पंचवीस मंडळी. आमच्या शाळेतून संगीताच्या मॅडम आणि मी. मी भूगोल शिकवते, पण स्नेहसंमेलनाचे नाच दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतात. गिनी नकाशात नेमका कुठे आहे हे सांगू शकणारी तिथे मी एकटीच असेन, पण मला ते कोणी विचारलं नाही.

दोन हजार सात-आठचं साल असेल. गणपती पंधरा-वीस दिवसांवर आले होते. या दिवसांत मी घराच्या खिडक्या लावून घेते. आमचं गाव नाशिकला खेटून, आता शहरातच गेल्यासारखं. घरं माळ्यांची, शेतात झेंडू, शेवंती, मेथी, कोथिंबीर. नागपंचमी झाली की संध्याकाळी पोरं ढोलाचा सराव सुरू करतात. नाशिकचा ढोल म्हटलं की बाहेरच्या माणसांच्या अंगात येतं. मी रेडिओ मोठा करते.

माझा दादा ढोल वाजवायचा. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. मुलींनी ढोल वाजवायची तेव्हा पद्धत नव्हती, पण सगळे हात मला तोंडपाठ होते. हात म्हणजे ढोलाचे ठरलेले बोल, पहिला हात, दुसरा हात असे. ढोल ताणायला दादाला दुसरं माणूस लागायचं आणि ते माणूस मी. तो दोरी ओढायचा, मी ओढलेली धरून ठेवायची. तळवे सोलून निघायचे, पण मी सोडायची नाही. तिसऱ्या हातात तो दर खेपेला एक ठोका मुद्दाम गाळायचा. "तो लोकांनी मनात वाजवायचा," म्हणायचा. लोक तो खरंच वाजवायचे, मान हलवून.

आमच्याकडे ढोलाला नियम होते. निघताना घरच्या बाईने पानाला, म्हणजे कातड्याला, हळदकुंकू लावायचं, मग नारळ फोडायचा, मगच ढोल गळ्यात. आणि पाळी आलेल्या बाईने त्याला शिवायचं नाही. वाजवणाऱ्याला बाधतं म्हणत.

मी चौदा वर्षांची होते. विसर्जनाच्या दिवशी सकाळी मला पाळी आली. सांगितलं असतं तर चार दिवस पडवीतल्या चटईवर, आणि मिरवणूक गेली. मी सांगितलं नाही. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. दुपारी सगळे मागच्या अंगणात जेवायला बसले होते, ढोल पुढच्या खोलीत होता, कुंकू लावून तयार. मी दादाचं टिपरू, म्हणजे ढोलाची काठी, उचललं, डावा हात पानावर ठेवला आणि एक ठोका दिला. एकच. पोटापर्यंत गेला तो. घरात त्या दिवशी येणारी-जाणारी पोरं इतकी होती की कोणी लक्षही दिलं नाही. बोटांना लागलेलं कुंकू मी परकराला पुसलं.

संध्याकाळी नदीवर ढोल खाली ठेवून दादा मूर्तीबरोबर पाण्यात उतरला. पट्टीचा पोहणारा होता. मूर्ती बुडाली, बाकीचे वर आले. आधी ढोल घरी आला, दुसऱ्याच्या खांद्यावरून. दादा दुसऱ्या दिवशी सकाळी आला.

पाण्याला ओढ होती, पायाखालचा दगड निसटला, ज्याला जे वाटलं ते तो बोलला. मला कारण माहीत होतं. मी ते कोणाला सांगितलं नाही.

वाजवणारा गेला की त्याच्या ढोलाचा ताण उतरवून तो टांगून ठेवायचा, ही आमच्या गावची रीत. वडिलांनी दोऱ्या सैल केल्या आणि ढोल खुंटीला लावला. आईने त्या दिवसापासून दादाचं नाव घेतलं नाही. कोणी घेतलं तर ती उठून जायची. हळूहळू आम्हीही सोडलं. घरात त्याला 'तो' म्हणायचे. जिवंतपणी मी त्याला कधी नावाने हाक मारली नव्हती, त्यामुळे ते नाव माझ्या तोंडात कधी बसलंच नाही.

पुढे मी शिकले, बी.एड. झाले, नोकरीला लागले. सहावी-सातवीच्या मुलींना पाळीबद्दल मीच सांगते, कारण बाकीच्या बायका लाजतात. विटाळबिटाळ काही नसतो, असं ठणकावून सांगते. आणि बाहेर येऊन स्टाफरूममध्ये बसले की डाव्या हाताची बोटं पदराला पुसत असते. हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं.

तर शिबिर. शनिवारी सकाळी सगळ्यांना गोलात बसवलं. क्युबाची बाई पन्नाशीची, ठेंगणी, आवाज भाजीबाजारातला. ती इंग्रजीत म्हणाली, आमच्याकडे ढोलाला हात लावण्याआधी आपल्या घरातल्या गेलेल्यांना बोलावतात. नाव घेऊन. प्रत्येकाने एक नाव घ्या, मोठ्याने.

मला असल्या गोष्टींचा भारी राग. दोन दिवसांसाठी आलेली माणसं, लिननचे कुडते घालून, डोळे मिटून आपापल्या मेलेल्यांची नावं घेऊ लागली. एक मुलगी आपल्या कुत्र्याचं नाव घेऊन रडली. मी मनात म्हटलं, घरी जाऊन मेथी निवडली असती तर बरं झालं असतं. आणि मग माझा नंबर आला. ते नाव जिभेवर आलं होतं. शेजारी मॅडम वाट बघत होत्या. मी आजोबांचं नाव घेतलं. वडिलांचे वडील, ऐंशीच्या पुढे जाऊन, दूधभात खाऊन झोपेत गेलेले. त्यांच्याबद्दल कोणाचंच काही म्हणणं नव्हतं.

नाव घेतलं आणि मला लाज वाटली. दादाला दारात उभं करून दुसऱ्याच कोणाला आत घेतलं, असं वाटलं.

भुरभुर पाऊस होता. दमट हवेत त्यांच्या ढोलांची कातडी सैल पडली. गिनीचा माणूस उंच, हसरा, फारसा बोलायचा नाही. तो एका ढोलाच्या दोऱ्या ताणायला बसला आणि दुसरं टोक धरायला कोणीतरी पाहिजे म्हणून त्याने वर पाहिलं. मी पुढे झाले. तो ओढायचा, मी धरायची. त्याने मला काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ताण पुरेसा झाला की दोरी बोटाखाली कशी कडक लागते, ते माझ्या हातांना आठवत होतं.

म्हणून दुपारी त्याने हाताने वाजवायचा ढोल मला दिला नाही. आडवा ठेवून काठीने वाजवायचा एक मोठा ढोल होता, खर्जाचा, तो माझ्यापुढे सरकवला आणि काठी हातात दिली. काठी घेण्याआधी मी मनात दिवस मोजले. भूगोलाची शिक्षिका, सव्वीस वर्षांची, मुलींना ठणकावून सांगणारी. मोजले, अजून आठ दिवस होते, मग काठी घेतली. स्वतःचा इतका संताप मला क्वचित आला असेल.

पहिला ठोका दिला आणि तो आमच्या पुढच्या खोलीतला ठोका होता. तोच. मग मी त्यांचा ठेका वाजवायचं सोडून दिलं. म्हणजे ठरवून नाही, हातच ऐकेनात. पहिला हात झाला, दुसरा झाला, तिसरा सुरू झाला. बाकीचे एकेक करून थांबले. तिसऱ्या हातात दादाची ती रिकामी जागा आली, आणि मी काठी वर धरून थांबले.

तो ठोका वाजला.

मागून, पाण्याच्या बाजूने. हलका, पण नेमका त्याच जागेवर. मी वाजवत राहिले. पुढच्या फेरीत जागा आली, मी थांबले, पुन्हा वाजला. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले होते आणि तरी मला थांबायचं नव्हतं. तिसऱ्या वेळी वाजला नाही. मी काठी खाली ठेवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. धरणाच्या पाण्यावरून पडसाद येतो, मॅडम म्हणाल्या, त्यांनीही ऐकला होता. असेल. पडसाद दोनदाच का आला, ते मी त्यांना विचारलं नाही.

रविवारी जेवणानंतर क्युबाची बाई नळावर ताट धूत होती. मी शेजारी जाऊन उभी राहिले आणि बारा वर्षांत पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती परकी होती, उद्या विमानात बसणार होती, म्हणून सांगता आलं. माझं इंग्रजी शाळेपुरतं, तेवढ्यात ते सगळं बसलं. मला वाटलं, ही जग बघितलेली बाई हसेल आणि म्हणेल, वेडी आहेस का. मला तेच ऐकायचं होतं.

ती हसली नाही. म्हणाली, "आमच्याकडेही देवाचे ढोल वेगळे असतात. त्यांना बायकांनी शिवायचं नाही. कारणही हेच सांगतात."

"तुम्ही ते मानता?"

"त्या ढोलांना मी हात लावत नाही," ती म्हणाली. "इतकी वर्षं वाजवते, पण त्यांना नाही."

साता समुद्रापलीकडेही तोच नियम होता, म्हणजे सुटकेला जागाच नव्हती. ती ताट पुसत म्हणाली, "तुझ्या आईला माहीत आहे?" मी नाही म्हटलं. "मग मला का सांगतेस? त्या दिवशी त्या घरात मी नव्हते. जी होती तिला सांग."

संध्याकाळी घरी आले. आई ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत बसली होती, सकाळच्या बाजारासाठी. वडील शेतावर होते. मी चपलाही काढल्या नाहीत. उभ्यानेच सांगितलं. पाळी, टिपरू, एक ठोका, परकराला पुसलेलं कुंकू. सांगताना मी तिच्याकडे बघत नव्हते, दारातून दिसणाऱ्या भिंतीवरच्या ढोलाकडे बघत होते.

तिने हातातली जुडी बांधून पुरी केली. दुसरी घेतली. तीही बांधली.

"तुझी आडचण होती?" ती म्हणाली. "त्या दिवशी?"

"हो."

"आगं, माझी होती."

मला कळलं नाही. मी खाली बसले.

"पहाटंच आली होती," ती म्हणाली. "तुझी आत्या वणीला गेलेली. घरात दुसरं बाईमाणूस कोण? तू तवा पोर. पन्नास माणसाचा सैपाक, ढोलाला कुंकू कोण लावंल? म्हटलं, गुपचूप लावू, देवाला काय समजतंय. मीच लावलं. ह्याच हातानं लावलं." तिने तो हात माझ्यापुढे धरला, मेथीने हिरवा झालेला. "लय वर्सं झाली. तुझ्या बापालाबी नाय सांगितलं. तुझ्याकडं बघायची तर वाटायचं, हिला कळलं तर ही मला आई नाय म्हणायची."

म्हणून ती उठून जायची. म्हणून नाव नाही. बारा वर्षं एकाच चुलीवरचं खाल्लं, एका खोलीत झोपलो, एकाच भिंतीकडे बघितलं, आणि दोघी एकमेकींपासून तेच लपवत होतो. मला वाटलं होतं रडू येईल, पण मला राग आला. तिचा, माझा, कुंकवाचा, ढोलाचा, कोणाचा म्हणून सांगू.

आईने माझ्याकडे पाहिलं. अगदी साध्या आवाजात, खरोखर माहीत करून घ्यायचं असल्यासारखं तिने विचारलं, "मंग दोघींतल्या कोणामुळं गं?"

"कोणामुळे नाही, आई. पाणी होतं ते."

"आसं कसं? कोणीतरी आसंलच ना."

मी वर्गात जे ठणकावून सांगते ते सगळं तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मान हलवली. पटलं असं मला वाटलं नाही. मला तरी कुठे पूर्ण पटलंय.

मग मी विचारलं, "ढोल काढू?"

तिने ढोलाकडे पाहिलं. मग म्हणाली, "काढ."

खुंटीवरून काढला तेव्हा मागे भिंतीवर त्याचा गोल पांढरा डाग राहिला होता. पान वाळून कडक झालं होतं, एका कडेला उंदराने कुरतडलं होतं. वाजणार नव्हताच. तरी मी तो ओट्यावर आणून मांडीवर घेतला आणि दोरी ओढायला लागले. आईने मेथी बाजूला सारली, हात लुगड्याला पुसले, आणि न सांगता दुसरं टोक धरलं. तिला ताणता येतं हे मला माहीत नव्हतं. मी जोर लावला, दोरी सटकली.

"तशी नाय," ती खेकसली. "खालनं वढायची. तो खालनं वढायचा." आणि मग तिने दादाचं नाव घेतलं. जेवायला बोलवायची तेव्हा घ्यायची तसं, ओट्यापासून शेताच्या बांधापर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने.

दोघी थांबलो. मी दोरी घट्ट धरून ठेवली होती. आई अंगणाच्या दाराकडे बघत होती, आणि मीही बघत होते.