तपेल्याच्या बदल्यात सुरण

माझा मेहुणा बाळाराम याने मला फसवलं. सुरणाच्या एका गड्ड्याने फसवलं, आणि तेही माझ्या नव्या घराच्या वास्तुशांतीच्या दिवशी, अख्ख्या गोतावळ्यासमोर. हे मी अगदी शांतपणे सांगतो आहे. (आमची कुसुम म्हणते, मी शांतपणे काहीच सांगू शकत नाही. तिच्याकडे लक्ष देऊ नका. ती बाळारामाची बहीण आहे!)

शहापुरात माझं भांड्यांचं दुकान आहे. ते मला वारशात मिळालेलं नाही. गोणपाटात ॲल्युमिनियमची भांडी बांधून, गोणी एसटीच्या टपावर आणि मी आत लोंबकळत, असे मी मुरबाडचे आणि धसईचे बाजार केले, तेव्हा कुठे ते उभं राहिलं. माझा नियम साधा आहे. दुकानात मी भाव कमी करत नाही आणि दुकानाबाहेर कोणाचा भाव टिकू देत नाही.

एका वर्षी मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेत मी पाल ठोकून बसलो होतो. बाळाराम धसईहून आला. बहिणीच्या नवऱ्याचं दुकान, म्हणजे स्वतःचंच, अशा थाटात त्याने एक मोठं तपेलं उचललं.

"भावजी, ह्ये मी नेतो."

"ने की. पण बदल्यात काय?"

त्याने पिशवीतून सुरणाचा गड्डा काढला. चांगला नारळाएवढा! "बी म्हनून लावा. दोन-तीन वर्सांत घमेल्याएवढा व्हईल."

मी तपेलं दिलं, गड्डा घेतला. सौदा झाला. (तपेल्याला पोचा होता. पण तो तळाला होता, आणि तळ बघणं हे गिऱ्हाइकाचं काम! बाळारामाला तो घरी गेल्यावर दिसला. तक्रार घेऊन आला, तेव्हा मी त्यालाही हेच सांगितलं. पण त्यात माझा काय दोष?)

किन्हवलीच्या रस्त्याला मी जागेचा एक तुकडा घेऊन ठेवला होता. घर बांधायचं होतं, पण गवंड्यांचे भाव मला पटत नव्हते आणि माझे त्यांना. म्हणून काही वर्षं तिथे नुसती बागच केली. पावसाळ्यात काकडीचा वेल असा माजला, की आम्ही काकडी चिरून खाल्ली, किसून खाल्ली, थालीपिठात घातली, शेवटी आल्या-गेल्या पाहुण्यांच्या पिशवीत त्यांच्या नकळत सरकवली. थंडीत वाल इतका आला, की बागेशेजारच्या पाटीलकाकू आमच्याकडून कोणी येताना दिसलं की दार लावून घेत. मग उन्हाळ्यात पपया धरल्या. मी रोज सकाळी त्या दाबून बघायचो. ज्या दिवशी त्या पिकल्या, त्या दिवशी माझ्या आधी माकडं आली. त्यांच्यावर मी खूप ओरडलो, पण माकडांशी घासाघीस करता येत नाही!

आणि कोपऱ्यात सुरण. पावसाळ्यात छत्रीसारखं पान यायचं, दिवाळीच्या सुमाराला ते मान टाकायचं. दर दिवाळीला कुसुम कुदळ घेऊन उभी राहायची.

"अहो, काढू या की. भाजी तरी होईल."

"थांब. अजून वाढू दे."

"गेल्या दिवाळीलाही हेच म्हणालात!"

"आणि वाढला की नाही?"

बाळाराम आला की आधी बागेत, मग घरात. एकदा म्हणाला, "भावजी, आता काढा. सुरान लय ठेवायचा नाय."

"का रे? अर्धा हवाय तुला?"

"नाय वो. त्याचं काय हाय..."

"मी धंद्यातला माणूस आहे, बाळाराम. माल कधी काढायचा, ते मला शिकवू नको!"

मी मनात म्हटलं, याचा डोळा माझ्या गड्ड्यावर आहे. त्याच दिवाळीनंतर, पान वाळून जागा मोकळी दिसायला लागल्यावर, मी त्यावर एक डालगं पालथं घातलं, म्हणजे कोंबड्या झाकायची ती बांबूची मोठी टोपली. वर दगड ठेवला, भोवती तुटकी कौलं रचली आणि घरात ताकीद दिली, "या अडगळीला कोणी हात लावायचा नाही." आता बाळारामाला गड्डा सापडला असता, तर शपथ!

अखेर घर उभं राहिलं. मधू गवंड्याची मजुरी मी इतकी खाली आणली होती, की शेवटचे काही दिवस तो माझ्याशी बोलत नव्हता, भिंतीशी बोलायचा. पण कुसुमचा आनंद बघण्यासारखा होता. लग्न होऊन आल्यापासून ती दुकानामागच्या एका खोलीत संसार करत होती. खालती चूल, वरती माझा माल. मांजर फळीवर चढलं की झोपेत हिच्या अंगावर झाकणं पडायची. "ज्या घरात डोक्यावर भांडी नाहीत, अशा घरात मला एकदा दूध उतू घालायचंय," एवढंच ती म्हणायची. मे महिन्याच्या अखेरीचा मुहूर्त निघाला. तिने दोन्हीकडच्या नातेवाइकांना स्वतः जाऊन आमंत्रणं दिली.

आदल्या दिवशी सकाळी आम्ही सामान घेऊन नव्या घरी आलो आणि कुसुम दारातच थबकली.

"अहो, काहीतरी मेलंय."

मेलं होतंच! असा वास, की डोळ्यांत पाणी यावं. मी उंदीर शोधला. गाद्या उलटल्या, पोटमाळा झाडला, माळ्यावरच्या पेट्या खाली आणल्या. उंदीर नाही. तेवढ्यात मधू गवंडी ओट्याची राहिलेली फरशी बसवायला आला आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"मध्या, भिंतीत काय पुरलंस?"

"काय पुरनार?" त्याने भिंतीला विचारलं.

"मजुरी कापली म्हणून मेलेली घूस घातलीस ना भिंतीत?"

मधूने थापी खाली ठेवली. भिंतीशी न बोलता कित्येक दिवसांनी माझ्याशी बोलला. "शेट, तुमी जी मजुरी दिली, तिच्यात मी भित घातली ह्येच नवाल. घूस कुटनं परवडनार?" आणि ओटा तसाच ठेवून गेला.

दुपारी आचारी आला. बटाट्यांची पोती उतरवली. मी पोत्यात नाक घातलं. (त्या दिवशी कशातही नाक घातलं तरी तोच वास येत होता, हे मला नंतर कळलं.)

"सडका माल आणलास! भाव पाडला त्याचा सूड का?"

"सडका? आज सकाळी निवडून घेतलेत!"

"मग हा वास कसला?"

"तुमच्या बोलण्याचा असंल!" असं म्हणून त्याने झारा उचलला, कढई उचलली, बटाटे उचलले आणि ज्या टेम्पोने आला त्याच टेम्पोने गेला.

आता उरल्या पाटीलकाकू. त्यांच्या कोंबड्या आमच्या कुंपणाशी चरत असत. मी कुंपणावरून ओरडलो, "काकू, मेलेली कोंबडी माझ्या हद्दीत कोणी टाकली?"

काकूंनी कमरेला पदर खोचला. मग एकेका कोंबडीला नावाने हाक मारून माझ्यासमोर हजर केलं. "ही चंपी. ही लंगडी. ही काळी. सगल्या जित्या हायत! एक डालगं तेवढं गेलं माजं दिवालीपासून, त्ये कोनी नेलं त्याचा इचार कर आदी!"

मी म्हटलं, "विषय बदलू नका."

रात्रभर आम्ही उदबत्त्या जाळल्या. फिनेल ओतलं. सकाळी घराला मेलेल्या घुशीचा, चंदनाचा आणि इस्पितळाचा असा तिन्ही मिळून वास येत होता. गुरुजी आले. कलश मांडला. आचमनाचं पाणी तोंडाशी नेलं आणि तसंच खाली ठेवून त्यांनी उपरणं नाकाला लावलं.

"यजमान, वास्तूत काहीतरी अशुभ आहे. आधी त्याचा शोध घ्या."

माणसाने त्या वेळी हो म्हणावं की नाही? पण माझी जीभ! "दक्षिणा वाढवून घ्यायची ही नवी रीत वाटतं, गुरुजी?"

गुरुजींनी पोथी मिटली, पडशीत घातली आणि चपला शोधायला लागले.

तेव्हा कुसुम उंबऱ्यावर बसली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. हातातलं दुधाचं पातेलं तिने बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "गवंडी गेला, आचारी गेला, शेजार गेला, आता देवाचा माणूस चालला. पाहुणे वाटेत आहेत. आज या घरात दूध उतू गेलं नाही, तर मी दुकानामागच्या खोलीत परत जाते. तुम्ही राहा इथे. भांडायला कोणी उरलं तर!"

त्या धमकीवर मी घासाघीस केली नाही. ही गोष्ट आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच घडली.

नेमका त्याच वेळी धसईचा टेम्पो दारात थांबला. बाळाराम फळीवरून उतरला. नाक वर केलं. दोन मोठे श्वास घेतले (त्या वासात!) आणि त्याचा चेहरा असा फुलला, जसं काही कोणी जिलबी तळतंय.

"भावजी! सुरान फुललं की वो तुमचं!"

"काय फुललं?"

तो सरळ कोपऱ्याकडे निघाला. वास्तुशांत मोडली होती, बायको उंबऱ्यावर बसली होती, पण मला त्या क्षणी काय वाटलं असेल? वाटलं, गड्डा गेला! मी धावत जाऊन डालग्याच्या पुढे हात पसरून उभा राहिलो.

"इथे हात लावायचा नाही!"

माझ्या डोक्याभोवती हिरव्या माशांचं मोहोळ फिरत होतं. समोर धसईचे सगळे पाहुणे नाकाला पदर, रुमाल, टोपी, जे हाती लागलं ते लावून उभे. कुंपणावर पाटीलकाकू. कुसुम उठली, चालत आली, मला दंडाला धरून बाजूला केलं आणि पायाने डालगं उलटवलं.

खाली घमेल्याएवढं फूल! जांभळं, मांसाच्या रंगाचं, कडेला साडीच्या निऱ्यांसारख्या चुण्या आणि मधोमध मेंदूसारखा गोळा. डालग्याखाली कोंडलेला वास मोकळा झाला आणि अख्खी पाहुणेमंडळी एकदम मागे सरली. गुरुजी तर रस्त्यापर्यंत गेले.

तेवढ्यात कुंपणावरून पाटीलकाकूंचा आवाज आला, "अगो बाय! माजं डालगं!"

मी बाळारामाला धरलं. "फुलल्यावर असा वास येतो, हे तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगत व्हतो. तुमी म्हनलंत, मला शिकवू नको."

"अरे, पण गड्डा देतानाच सांगायचंस!"

बाळाराम मनापासून हसला. जत्रेपासून तो या क्षणाची वाट बघत होता, अशी माझी खात्री आहे. "भावजी, तल बगनं ह्ये गिऱ्हाइकाचं काम ना?"

पुढचं सगळं कुसुमने आपल्या हातात घेतलं. बाळारामाने फूल कापून रस्त्यापलीकडच्या शेताच्या पार टोकाला नेऊन पुरलं. ती गुरुजींच्या मागे रस्त्यावर गेली. टेम्पो पाठवून आचाऱ्याला आणि मधूला बोलावलं. काकूंकडे मला स्वतः डालगं धुऊन न्यायला लावलं. आणि प्रत्येकाला तिने माझ्यासमोर सांगितलं, "दुकानात या, हवं ते भांडं निवडून घ्या. यांच्याकडून नाही, माझ्याकडून." मी तोंड उघडलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी मिटलं.

ती संध्याकाळ मी आयुष्यात विसरणार नाही. मधूने ओटा बसवला. उशिरा का होईना, गुरुजींनी मंत्र म्हटले. दूध उतू गेलं, आणि कुसुमने ते पुसू दिलं नाही, नुसती बघत उभी राहिली. जेवणं झाली, हसणं झालं (माझ्यावरच!), आणि निघताना बाळारामाने टेम्पोतून काहीतरी ओढून काढलं. माझं तपेलं!

"भावजी, सगल्यांना भांडी देताय, तर ह्ये बी बदलून द्या. पोचा हाय."

दिलं बदलून. कुसुम शेजारी उभी होती, न देऊन सांगतो कोणाला? गड्डा खणला तर आत भुसभुशीत निघाला, सगळा कस फुलाने खाल्लेला. त्याला लगडलेल्या बारीक कंदांची पिशवी भरून बाळाराम तीही घेऊन गेला.

म्हणजे हिशेब बघा. तपेलं त्याचं, सुरणाचं बियाणं त्याचं, घरी आलेल्या पाहुण्यांमध्ये कौतुक त्याचं. आणि माझ्याकडे काय? ते पोचा पडलेलं तपेलं! ते अजून दुकानात पडून आहे. कोणी घेत नाही. वास्तुशांतीला आलेल्यांनी ही गोष्ट शहापूरपासून धसईपर्यंत पोचवली आहे, आणि आता जे गिऱ्हाईक येतं ते भांडं हातात घेतं, माझ्याकडे बघून हसतं, आणि सगळ्यात आधी पालथं करून तळ बघतं. गावोगावच्या गिऱ्हाइकांना ही वाईट खोड लावली कोणी? बाळारामाने याचं उत्तर द्यावं! आणि माझ्या घरी येऊन देऊ नये, दुकानात द्यावं. घरी मी एकटा पडतो.