तिसरा रकाना

दुसऱ्याच्या लग्नात जेवायला बसून मठ्ठा कुठल्या पंगतीपर्यंत घट्ट होता आणि कुठून त्यात पाणी पडलं, याचा छडा लावणारी बाई अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात एकच होती आणि ती माझी मावसबहीण होती. आम्ही तिला ताई म्हणायचो. "काऊन?" म्हणजे का, हा तिचा श्वास होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या की ती विचारी, या गोळ्यांनी मागच्या आठवड्यात किती जण बरे झाले? डॉक्टर आधी वैतागले, मग पेशंटना परत बोलावून विचारू लागले. माझ्या मुंजीत तिनं भटजींना विचारलं होतं, की यानं मुलात नेमका काय फरक पडतो आणि तो पडला की नाही हे नंतर कोणी येऊन पाहतं काय. भटजींनी उपरणं सावरलं आणि पुढचा मंत्र जरा मोठ्यानं म्हटला.

अशा बाईची हैदराबादेत विधिमंडळाच्या धोरण-संशोधन विभागात सहा महिन्यांसाठी प्रशिक्षणार्थी म्हणून निवड झाली, तेव्हा घरात दिवाळीच आली.

"काय काम असते वं तिथं?" मावशीनं विचारलं.

"सरकारनं केलं म्हणून जे सांगतलं, ते झालं काय आन् लोकाच्या कामाला आलं काय, ते पाहाचं."

"म्हंजे आतापर्यंत फुकटात करत होती तेच," मावशी म्हणाली.

तिच्या वाट्याला खेड्यांतल्या हातपंपांची पाहणी आली. आमच्याकडे हातपंपाला बोरिंग म्हणतात. एका रविवारी फॉर्मांचा गठ्ठा घेऊन ती हैदराबादहून आली, माझ्या स्कूटरवर बसली आणि आम्ही बाजारहत्नूरकडे निघालो. फॉर्मवर रकाने दोनच, चालू आणि बंद. पहिल्या गावात चालू, दुसऱ्यात चालू. तिसऱ्या गावात मी दांडा हापसला तर घळाघळा पाणी आलं.

"चालू. लिही आन् चल," मी म्हणालो.

पण ताई रस्त्याकडे पाहत होती. डोक्यावर भरले हंडे घेऊन दोन बाया लांबच्या विहिरीकडून येत होत्या आणि बोरिंगला वळसा घालून चालल्या होत्या.

"काऊन?" ताईनं त्यांना थांबवलं.

"ढोराले चालते बाई ते पानी," थोरली म्हणाली. "लय जड हाय. त्यात डाळ शिजत नाई."

दुसरा कोणी एवढं लिहून निघाला असता. ताईनं त्याच बाईच्या चुलीवर दोन भांडी चढवली, एकात विहिरीचं पाणी, दुसऱ्यात बोरिंगचं. दोन्हींत मूठमूठ तुरीची डाळ टाकून ती घड्याळ घेऊन बसली. गाव गोळा झालं.

"ताई, मले भूक लागून राह्यली."

"थांब. तपास चालू हाय."

विहिरीच्या पाण्यातली डाळ लोण्यासारखी झाली. बोरिंगच्या पाण्यातली दाताखाली कचकचली. लॉटरी लागल्यासारखा चेहरा करून ताईनं पट्टी काढली आणि फॉर्मवर तिसरा रकाना आखला: डाळ शिजते काय?

पुढचं तिच्या पत्रांतून कळलं. वरिष्ठांनी तो रकाना पाहून चष्मा काढला. हे छापील नमुन्याबाहेरचं आहे, अहवाल ऐकणाऱ्या आमदारांच्या समितीचे सदस्य हसले तर तुझ्या मुदतवाढीचं अवघड होईल, असं त्यांनी मायेनंच समजावलं. ताईला ते काम जिवापाड हवं होतं. दोन दिवस तिनं विचार केला. मग एक कॅन त्या गावच्या विहिरीचं आणि एक कॅन बोरिंगचं पाणी बसनं मागवलं (ते मीच चढवून दिलं), आणि समितीच्या दिवशी कँटीनच्या आचाऱ्याला पटवून दोन्ही पाण्यांत डाळ शिजवली. सगळ्या प्रशिक्षणार्थींचं काम मांडून झाल्यावर तिनं प्रत्येकापुढे दोन-दोन वाट्या ठेवल्या.

सदस्य खरंच हसले. मग कोपऱ्यातल्या एका वयस्क सदस्यांनी दुसऱ्या वाटीतला घास चावला, आणि ते चावतच राहिले.

"बेटी," ते म्हणाले, "हमारे गाँव में भी यही दाल है।"

त्यानंतर कोणी हसलं नाही. नव्या फॉर्मांवर एक ओळ जास्तीची छापली गेली: पाणी स्वयंपाकाला चालते काय? त्या गावाला वर्षभरात दुसरी विहीर मिळाली, अगदी घरांजवळ. ताईला मात्र मुदतवाढ मिळाली नाही. जागाच नव्हती म्हणे.

ती मंचेरियलला एका कॉलेजात शिकवू लागली. मी भेटायला गेलो, तेव्हा तिच्यापेक्षा मीच जास्त चिडलेला होतो.

"तुले वाईट नाई वाटत?"

"वाटते ना," ती म्हणाली. "पण एक ओळ तं छापली."

मग खिडकीतून कोळशाची मालगाडी जाताना तिनं मला डबे मोजायला लावले. निघताना ती मला स्टँडवर सोडायला आली. त्या हुकलेल्या कामाबद्दल आणखी बोलायचं होतं, तिलाही आणि मलाही. त्या दिवशी बस थोडी उशिरा आली असती तर बरं झालं असतं.