ओहोटीला काढलेली सहल

बाबांची सगळी नोकरी मराठवाड्यातल्या एका धरणावर गेली. रोज सकाळी पाण्याची पातळी बघायची, तापमान लिहायचं आणि उघड्या टाकीतलं पाणी उन्हाने किती उडालं ते मोजायचं. निवृत्तीनंतर ते मे महिन्यात आमच्याकडे कोपरखैरण्याला राहायला आले, तेव्हा बॅगेत थर्मामीटर होताच.

एसी त्यांना सोसेना. "ऊन पाण्यावर पडलं की त्याची वाफ करण्यात खर्च होतं. सिमेंटवर पडलं की भिंतीत मुरतं आन् रात्रभर आपल्याला भाजतं," असं म्हणत ते दुपारी बसने सारसोळ्याच्या जेट्टीवर जाऊ लागले. तीन दिवस त्यांनी आकडे आणले. आमच्या गॅलरीपेक्षा खाडीकाठी चार अंश कमी! "रविवारी समदे चला," त्यांनी जाहीर केलं.

मधे आठवडा गेला. रविवारी दुपारी चारला बाबांसोबत नवरा, मुलगी, मी आणि कलिंगडाचा डबा असे जेट्टीवर पोचलो, तर खाडीत पाणीच नाही. काळा चिखल, कलंडलेल्या होड्या आणि तोंडावर येणारी गरम झळ.

"आजोबा, इथे तर घरापेक्षा जास्त गरम होतंय!" मुलगी नाक धरून म्हणाली.

बाबांनी थर्मामीटर पाहिला, रुमालाने पुसला, पुन्हा पाहिला. बाजूला जाळं विणत बसलेल्या कोळीण मावशींना हसू आवरेना.

"दादा, भरतीला यायचा ना! तिचा टायम रोज पुढं सरकतं. आता सगला चिखल तापलाय."

"आमच्या धरणाचं पाणी कुठं जात नव्हतं हो, ताई," बाबा ओशाळून म्हणाले.

"आमचा पानी जातं नि येतं. बसा, येल आता."

आम्ही बसलो. कलिंगड मावशींनाही दिलं. तासाभराने पाणी चिखलावरून सरकत आलं. बाबांनी वाकून हात घातला. "अरे, कोमट आहे की! चिखलाची उष्णता घेऊन आलंय." हा शोध त्यांना इतका आवडला की मघाची फजिती ते विसरूनच गेले. होड्या हलू लागल्या तसा वाराही गार लागायला लागला. मुलीने ओढणी पसरून धरली आणि ती फुगली म्हणून ओरडली.

निघताना बाबांनी मावशींकडून तिथीवरून रोजची भरतीची वेळ कशी ओळखायची ते शिकून घेतलं. मग महिनाभर त्यांच्या फिरायला जायच्या वेळेचा आम्हाला काही पत्ता लागेना. जेवायला मात्र घाम न येता, हसत घरी यायचे.