पॅसेजमधली पांढरी डबी

आमच्या बाथरूमबाहेर, पॅसेजच्या भिंतीवर एक पांढरी डबी आहे. गॅस गीझरमधून कार्बन मोनॉक्साइड सुटला, तर त्याला ना वास ना रंग. ते फक्त या डबीला कळतं आणि ती कर्कश ओरडते. लावली त्याच दिवशी आईने धूळ बसू नये म्हणून टीव्हीच्या रिमोटसारखी तिलाही प्लॅस्टिकची पिशवी चढवली होती. "अगं, तिला श्वास तरी घेऊ दे," असं मी म्हटल्यावर पिशवी निघाली.

तेव्हापासून आई दर शनिवारी तिला कोरड्या फडक्याने पुसते, लाटण्याच्या टोकाने बटण दाबते आणि ती ओरडली की म्हणते, "बरी आहेस ना, झालं तर." ज्याची अशी विचारपूस होते, ते बहुधा घरातलं माणूसच होऊन जातं.

परवा सकाळी ती बटण न दाबताच ओरडली. आत माझी बायको, शुभा, आंघोळ करत होती. आईने दार बडवलं, "शुभा, आहेस तशी बाहेर ये." गॅस बंद करून, खिडक्या उघडून आम्ही तिघं जिन्यात आलो. शुभाचं डोकं जड झालं होतं. मोकळ्या हवेत ती हळूहळू सावरली, तरी डॉक्टरांना दाखवून आणली.

तेव्हापासून गीझर बंदच आहे. त्याच संध्याकाळी आईने शुभाची दृष्ट काढली आणि तीच मीठ-मोहरी-मिरच्यांची मूठ डबीवरूनही ओवाळली. एरवी ती हे सगळं तव्यावर जाळते. त्या दिवशी मात्र मूठ मिटून जिना उतरू लागली.

"घरात जाळलं तर डबीला ठसका लागेल," म्हणाली.