मिशनच्या शाळेतला कॉम्प्युटर

दौंडात माणसं गाडीची वाट बघत जगतात. त्यामुळं इथं किस्से साचतात, यार्डात मालगाडीचे डबे साचतात तसे. कुठला डबा कुठल्या गाडीला जोडायचा, ते कुणालाच ठाऊक नसतं. माझ्याकडचे हे डबे सगळे एकाच खोलीतले आहेत. ऐकणारे हसतात. मीही सांगताना हसतो. ते आता सवयीनं होतं.

तर, मी कॉम्प्युटर होतो. एक वर्ष आणि वर काही रविवार.

*

आमच्याकडं एक रिटायर्ड मेजरसाहेब होते. मिशन कंपाउंडात राहायचे, रविवारी प्रार्थनेला पहिल्या बाकावर. नोकरीच्या शेवटच्या वर्षी कुठल्याशा कोर्सला त्यांनी कॉम्प्युटर पाहिला होता. खोलीएवढं धूड, थंड हवेत ठेवलेलं. अधिकारी दोन पार्ट्या करून लढाईचा डाव मांडायचे. भोकं पाडलेली कार्डं मशीनमध्ये जायची आणि कोण मेलं, कोण जिंकलं ते छापून बाहेर यायचं. रक्त नाही, घाम नाही. मेजरसाहेब त्या मशीनच्या प्रेमातच पडले.

रिटायर झाल्यावर त्यांनी मिशनच्या शाळेतली एक खोली मागून घेतली. मधोमध मोठं टेबल, त्यावर भीमेची वाळू. वाळूच्या टेकड्या, निळ्या दोऱ्याची नदी, हरभऱ्याचे जवान, खड्यांचा शत्रू. लढाईच्या निकालांचं एक जाडजूड कोष्टक त्यांनी स्वतः टाइप केलं. राहिला कॉम्प्युटर.

दौंडात कॉम्प्युटर कुठला? पण दौंडात मी होतो. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडून घरी बसलेला. गणितात हुशार, बाकी वाया गेलेला.

माझ्या बापानंच मला देऊन टाकलं. आप्पा रेल्वेत इंजिन ड्रायव्हर. म्हणाले, "न्या त्याला. नाहीतरी घरी पडूनच हाय."

खोलीच्या कोपऱ्यात भारताचा मोठा कापडी नकाशा टांगला होता. त्याच्यामागं मला बसवलं. एक कोष्टक, दोन फासे, एक पेन्सिल. खेळणाऱ्यानं चाल चिठ्ठीवर लिहायची आणि नकाशाच्या खालून, लंकेच्या जरा खालून, आत सरकवायची. मी फासे टाकायचे, कोष्टकात बघायचं आणि दोन मिनिटांत निकाल लिहून परत सरकवायचा. दोन एक्के पडले तर 'तुकडी नष्ट'. दोन सहा पडले तर 'तुकडी सुखरूप परत'. मधलं सगळं मधलं.

कॉम्प्युटरनं बोलायचं नाही, खोकायचं नाही. चहा सगळ्यांना यायचा, मला नाही. मशीन चहा पीत नाही, असं मेजरसाहेबांचं म्हणणं.

*

खेळणारे मेजरसाहेब धरून चौघं. हायस्कूलात एन.सी.सी. बघणारे पवार सर. कासुर्डीचे सुभेदार आबा, दोन लढाया केलेले. आणि आप्पा.

पवार सरांनी आयुष्यात खडूपेक्षा जड काही उचललं नव्हतं. ते दर रविवारी जिंकायचे. सुभेदार आबा दर रविवारी हरायचे. कारण सर कोष्टक पाठ करून यायचे आणि आबा लढाई आठवून खेळायचे.

एकदा सरांनी त्यांना डिवचलं, "आबा, तुम्ही खऱ्या लढाईत वाचलात कसे?"

आबा विडी विझवत म्हणाले, "तिथं तुम्ही न्हवता ना, सर."

*

पण सरांचा एक रविवार बिघडला होता. चहाच्या वेळेला ते नकाशापाशी आले आणि लंकेखालून कागदी पिशवी आत आली. चार पेरू. मागोमाग कुजबुज: "पूल माझ्या ताब्यात आला पाहिजे. सात पडू दे फक्त."

मी चारी पेरू खाल्ले. फासे टाकले. चार पडले. 'पूल गेला, तुकडी माघारी' असं लिहून पाठवलं.

सर मेजरसाहेबांकडं तक्रार घेऊन गेले, "साहेब, तुमचा कॉम्प्युटर बेइमान आहे!"

हसा. पण सगळं काही सोडून बसलेल्या माणसाकडं एवढी एकच गोष्ट उरली होती. मी एकदाही खोटा आकडा लिहिला नाही. मान, नातं, पेरू, काही बघितलं नाही.

*

एक दिवस सुभेदार आबांची चिठ्ठी आत आली. 'जवान दोन दिवस उपाशी आहेत. टेकडी चढणार नाहीत. काय करू?'

मी कोष्टक पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. दारूगोळा होता, धुकं होतं, उतार होता. भूक नव्हती. मी लिहिलं, 'कोष्टकात नाही.'

मेजरसाहेबांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "कोष्टकात नाही ते घडत नाही. जवान पोट भरलेले आहेत असं धरा आणि चढा."

आबा म्हणाले, "व्हय साहेब. फकस्त त्या दोन दिसांत आम्ही काय खाल्लं, तेवढं कोष्टकात बघून सांगा. मला आजून कळलं न्हाई."

त्यानंतर दोन रविवार ते आले नाहीत. तिसऱ्या रविवारी आले. का आलात विचारलं तर म्हणाले, घरी बसून तरी काय करू. या म्हाताऱ्यांचं सगळं असंच. अपमान पचतो, रिकामा रविवार पचत नाही.

*

कोष्टक खरं की खोटं ते तपासायचं ठरलं. पाटसजवळ एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या उसात. पवार सरांची तीस पोरं हल्ला करणार, सहा पोरं विहिरीवरची पंपाची खोली राखणार. आदल्या रविवारी मी फासे टाकून निकाल दिला होता: अठरा मिनिटांत खोली काबीज.

दहा वाजता शिट्टी वाजली. तीस पोरं उसात शिरली. ऊस डोक्याच्या वर गेलेला, आत दिशा कसली कळते? पाच जण तासाभरानं भलत्याच गावाच्या शिवारात निघाले. बाकीचे आत बसून ऊस चघळत होते. इकडं राखणारी सहा पोरं कंटाळली. कारखान्याला चाललेली बैलगाडी दिसली, तिच्यावर चढून निघून गेली. हल्ला करायला कुणी नाही, राखायला कुणी नाही. दुपारी शेतकरी आला आणि पंप चालू करून गेला.

मेजरसाहेब बांधावर घड्याळ धरून उभे होते. सगळं डोळ्यांनी बघितलं त्यांनी. मग खिशातली वही काढून लिहिलं: 'दहा वाजून अठरा मिनिटांनी ठाणे काबीज. सराव यशस्वी.'

मी विचारलं, साहेब, हे कसं? उन्हानं लाल झालेल्या तोंडानं ते माझ्यावरच खेकसले, "तूच सांगितलं होतंस ना!"

*

आता आप्पांचं सांगतो. आप्पा पूल-टेकड्यांसाठी यायचे नाहीत. सगळ्यांचा डाव संपला की शेवटचा अर्धा तास त्यांचा. ते वाळू सपाट करायचे, एक कालवा खोदायचे आणि कालव्याच्या अलीकडं दहा दाणे ठेवायचे. नऊ हरभरे आणि एक पांढरा वाटाणा.

वाटाणा म्हणजे बापू. माझा थोरला भाऊ.

बापू एकाहत्तरच्या लढाईत गेला. घरी पत्र आलं. पहाटे, कालव्याच्या काठी, शत्रूचा मुकाबला करताना, वगैरे. चार ओळी. आप्पांनी त्या पत्राची घडी इतक्या वेळा उघडली होती की ती मधे फाटली होती. त्यांना एकच गोष्ट हवी होती: कुठला हुकूम दिला असता तर बापू वाचला असता. डावीकडून गेले असते तर? उजेड व्हायची वाट बघितली असती तर? गाडीवर नसतील त्या दर रविवारी एक नवी चाल. लंकेखालून चिठ्ठी यायची, रेल्वेच्या डायरीत लिहितात तशा सरळ अक्षरात.

बापूला लोकोशेडात फिटर व्हायचं होतं. भरतीला त्याला पाठवलं आप्पांनी. त्यांना घरात तेलाचे डाग नसलेला एक युनिफॉर्म हवा होता. मिळाला. घडी करून पार्सलनं आला. हे मी त्यांना कधी तोंडावर म्हणालो नाही. मी नुसते फासे टाकत राहिलो. एकतीस रविवारी मी बापूला मारला. इमानदारीनं. कधी डावीकडं, कधी उजवीकडं, एकदा धुक्यात. दोन सहा कधी पडलेच नाहीत.

*

हा छोटासा आहे. एका रविवारी डाव संपला, सगळे उठले, बोलत बोलत बाहेर पडले आणि दाराला कुलूप लावून गेले. कॉम्प्युटर आत.

मी हाका मारल्या. वर्षभर तोंड मिटून बसल्यावर हाक कशी मारायची तेही विसरायला होतं. दिवेलागणीला झाडूवाल्या मावशी आल्या, त्यांनी शाळेच्या दुसऱ्या किल्लीनं उघडलं. कुलूप कुणी लावलं ते मला माहीत होतं. किल्ली आप्पांकडं असायची.

घरी गेलो तर आप्पा जेवत होते. मान वर करून म्हणाले, "कुठं उंडारत होतास?"

*

शेवटचा सांगतो.

सुभेदार आबा पेन्शनच्या कामाला शिरूरला गेले होते. तिथं त्यांना कवठे येमाईचा नामदेव भेटला. बोलता बोलता कळलं, तो बापूच्याच तुकडीतला. त्या दहांतला. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. पुढच्या रविवारी आबा त्याला शिरूरहून एस.टी.नं घेऊन आले.

आप्पांनी सकाळपासून वाळू चाळली होती. कालवा, दहा दाणे, पलीकडं शत्रूचे खडे, सगळं मांडून ठेवलं होतं. नामदेवला खुर्ची दिली. मी नकाशामागं होतो. नकाशाला एक भोक होतं, विदर्भात कुठंतरी, त्यातून दिसायचं.

आप्पा म्हणाले, "आता तूच सांग बाबा. कुठून गेलात, कसं गेलात. जसं झालं तसं मांड."

नामदेवनं हात लांब केला आणि पलीकडच्या काठावरचे खडे एकेक करून उचलले. सगळे. टेबलाच्या कडेला नीट ढीग केला.

मेजरसाहेब म्हणाले, "अरे, शत्रू काढलास."

"शत्रू न्हवता, साहेब."

नामदेवच पुढं सांगत गेला. शत्रू लांब होता, चार-पाच मैलांवर. पहाटे ही दहा जणं लंगरवरून, फौजेच्या भटारखान्यातून, परत येत होती. कालव्याच्या काठी सुरुंग होते. ते यांनीच पेरलेले, पंधरा दिवसांपूर्वी. खुणेची पांढरी फीत होती, ती वाऱ्यानं गेली का कुणी काढली, त्याला ठाऊक नव्हतं. बापू सगळ्यात पुढं होता.

"का पुढं?" आप्पांनी विचारलं.

"चहाची किटली त्याच्या हातात हुती, आप्पा. म्हनला, गार व्हायच्या आत पोचवू."

मेजरसाहेब कोष्टक चाळायला लागले. खरंच चाळत होते. बोट लावून, पान पान. बराच वेळ. शेवटी चष्मा काढला.

"आपलेच सुरुंग," ते म्हणाले. "कोष्टकात नाही."

सुभेदार आबांनी तोंड फिरवलं. पवार सर खिडकीबाहेर बघत होते. माणूस मेल्याला तीन वर्षं झाली आणि या चार शहाण्यांना वाळूत त्याला मरायला जागा सापडत नव्हती.

आप्पांनी चिठ्ठीचा कागद ओढला. पेन्सिल थुंकी लावून ओली केली. लिहिलं. उठून नकाशापाशी आले आणि चिठ्ठी लंकेखालून आत आली. तेच सरळ अक्षर.

'कोष्टकात नाही ते घडत नाही. मग बापू कवा येणार?'

मेजरसाहेबांनी नेहमीसारखं घड्याळ काढलं असेल, नसेल. मी दोन मिनिटं पूर्ण घेतली. फासे माझ्या मुठीत होते.

मी ते टाकले नाहीत.

'दोन सहा. तुकडी सुखरूप परत,' असं लिहिलं आणि चिठ्ठी बाहेर सरकवली.

आप्पांनी ती वाचली. घडी घातली. टेबलापाशी गेले, हरभऱ्यांतून पांढरा वाटाणा वेचून घेतला आणि मुठीत धरला.

"चल," आप्पा म्हणाले. "घरी जाऊ."

एवढ्या महिन्यांत ते मला पहिल्यांदा हाक मारत होते. मी नकाशा बाजूला सारून घाईघाईनं बाहेर आलो.

आप्पा दारातून निघून गेले होते. मूठ खिशात.