नरसूला मी पुण्याला नेलं

सुमन, सोलापूरच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली होती. तू नरसूच्या पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी कोंबत होतीस. अम्मा त्याच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली, "थोरला भाऊ हाय, अन्नाचं ऐक रे. गाव बदललं की सवय सुटती बघ." नानांनी पोटच्या पोराकडं पाहिलंसुद्धा नाही. तुला बघायला अक्कलकोटची माणसं येणार होती, तोवर पोरगं डोळ्यांआड व्हायला हवं होतं. तुझ्यावर ठपका नाही. ठरवलं आम्ही तिघांनी, तुला कुणी विचारलंच नव्हतं.

आपला धाकटा नरसू तेव्हा सतरा वर्षांचा. बहात्तरचा दुष्काळ सरला त्याच्या दुसऱ्या वर्षी मॅट्रिकला नापास झाला आणि आठवड्यात नानांनी त्याला कारखान्यात दोन यंत्रमागांवर उभं केलं. घरी आला तरी म्हणायचा, "अम्मा, कानात माग चालूच हाय की." झोप लागेना. मग अम्मानंच नानांच्या झोपेच्या गोळीतली अर्धी दिली. मायेनं दिली बिचारीनं. पण त्या गोळीनं नापास झाल्याची लाज, नानांचे टोमणे, सगळंच गपगार केलं. पुढचं कारखान्यातल्या पोरांनी शिकवलं. गोळी खायची, वर चहा मारायचा आणि झोप येऊच द्यायची नाही, मग डोकं लई हलकं होतं म्हणे. अर्धीच्या चार झाल्या. आणि आपण काय म्हणत होतो? पोरगं शहाणं झालं, उलटून बोलत नाही! जीभ जड झाली, चालताना तोल जायला लागला, मागात बोट चेमटलं, तेव्हा कुठं आपले डोळे उघडले.

डॉक्टरकडं न्यायचं मी एकदा काढलं होतं. नाना उसळले, "गावभर बोंब करतो का? पोरीचं लगीन व्हायचंय." मी विषय सोडला. पिंपरीला फिटर झालो होतो, ओव्हरटाइम करत होतो, पण नानांपुढं तोंड उघडायची हिंमत नव्हती.

माझी तिथं एकच खोली. आठ दिवसांत सरळ करतो, असा तोरा होता मला. पिशवीतल्या गोळ्या संडासात टाकल्या आणि फर्स्ट शिफ्टला जाताना दाराला बाहेरून कडी घातली. पहिल्या दिवशी त्याचे हात थरथरले. दुसऱ्या दिवशी ओकाऱ्या, घामाच्या धारा. तिसऱ्या दिवशी सकाळी माझा पाय धरून म्हणाला, "अन्ना, एकच दे. उद्या न्हाय मागत." मी म्हणालो, "नाटकं पुरे." सुमन, त्याच्याशी बोललेले हे माझे शेवटचे शब्द.

दुपारी कडी काढली तर तो फरशीवर पडलेला, दात जिभेत रुतलेले. शेजारीण म्हणाली, सकाळी धडधड ऐकू आली, वाटलं पोरगं रागानं लाथा मारतंय. त्याला फिट आली होती आणि त्यातच तो गेला. दवाखान्यातला डॉक्टर माझ्याच वयाचा. चिडून म्हणाला, "अहो, ह्या गोळ्या अशा एकदम तोडायच्या नसतात. शरीराला त्यांची सवय झालेली असते. इथं आणला असतात तर हळूहळू कमी केल्या असत्या." एवढंच करायचं होतं गं. दवाखाना खोलीपासून दोन स्टॉपवर होता.

तुम्हांला मी नरसू काविळीनं गेला असं कळवलं. नाना आले, त्यांनाही तेच सांगितलं. तुझं लग्न व्यवस्थित पार पडलं. अम्मा शेवटपर्यंत काविळीलाच शिव्या देत गेली.

आपल्या गल्लीतली निम्मी पोरं आता पुण्या-भिवंडीकडं आहेत. अजूनही कुणी कळवतं, पोरगं नशेला लागलंय, चार दिवस तुमच्याकडं ठेवा, हवा बदलेल. मी त्याला आधी डॉक्टरकडं नेतो आणि मग आईबापांशी भांडतो. लोक म्हणतात अन्ना तापट झालाय. म्हणू देत.

माझ्या मुलांना आपली घरची तेलुगू कळते, बोलता येत नाही. घर कुठलं विचारलं तर मी मात्र सोलापूरच सांगतो. अम्मा-नानांच्या माघारी त्या घरात आता तू राहतेस. मी येतो, नरसूच्या फोटोखाली बसून जेवतो आणि त्याच दिवशी परत फिरतो. तू रुसतेस, "एक मुक्काम तरी कर की, अन्ना." कसा करू? ज्या घराला खोटं सांगितलं तिथं पाठ टेकायची लाज वाटते. आता तुला खरं सांगून टाकलं. हे वाचूनही तू मला मुक्कामाला बोलावलंस तर मी येईन. नाही बोलावलंस तरी मी काही म्हणणार नाही.